शीग

आमच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. माप भरलं की बाकीचे दुकानदार वरून तळहात फिरवून ते सपाट करायचे. वडील कधी हात फिरवायचे नाहीत. मापाच्या काठावर जो ढीग उभा राहतो, त्याला शीग म्हणतात, ती तशीच्या तशी गिऱ्हाइकाच्या पिशवीत जायची. "माप हा व्यवहार झाला, शीग ही माणुसकी," असं ते म्हणायचे. आई आतून ओरडायची, "तुमच्या माणुसकीपायी घरातला डबा सपाट झालाय, तिकडे बघा जरा!"

आम्ही दोघी बहिणी त्या दुकानात वाढलो, आणि दोघींच्याही नशिबी पुढे मोजणीच आली. मी मदतीच्या गोदामात मोजणीला आहे. लढाई सुरू झाल्यापासून नाक्याच्या पलीकडच्या गावांना इथून पीठ, डाळ, तेल, साबण, औषधं जातात. गाडीत काय चढलं ते मी मोजून यादी करते. पलीकडच्या दवाखान्यात माझी धाकटी बहीण ते उतरवून घेते आणि पावती करते. तीन वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही. माझी यादी तिच्याकडे जाते, तिची पावती माझ्याकडे येते, आणि फोन लागला तर लागला. नाही लागला तर अक्षर बघायचं आणि समाधान मानायचं.

आता सांगायची गोष्ट अशी की आमच्या गोदामात प्रत्येक गाडीला शीग असते. यादीत दोनशे पोती लिहिली असतील तर आम्ही दोनशे एक चढवतो. ही पद्धत मीच पाडली. रस्ता खराब, एखादं पोतं फाटतं, एखादं भिजतं, मग पलीकडे एका घराच्या वाटणीचं कमी पडतं. हमालांनाही सवय झाली होती. शेवटचं पोतं उचलताना ते आपसात "शीग आली रे" म्हणून ओरडायचे. नाक्यावर गाड्या काट्यावर चढवतात, तिथे एका पोत्याचा फरक कोणी बघत नाही. आणि पावतीवर शेऱ्याच्या रकान्यात धाकटी दर वेळी एकच शब्द लिहायची: "शिगेसकट." तो वाचला की मला बरं वाटायचं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचं दुकान आम्ही दोघींनी असं चालू ठेवलं होतं.

शीग फक्त पोत्यांना. औषधांना कधी घातली नाही. औषधं काट्यावर जात नाहीत, हातानं मोजतात.

धाकटीला एक मुलगी आहे, दहा वर्षांची. जागेवर म्हणून बसत नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. चार वर्षांपूर्वी तिला साखरेचा आजार निघाला, तोही जन्माला पुरणारा. रोज सुई टोचावी लागते. पलीकडच्या त्या गावात असे चाळीस रोगी आहेत, आणि चाळीसच मंजूर आहेत. दर महिन्याला चाळीस पुडकी जातात, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी, आत महिन्याच्या काचेच्या बाटल्या. भिंगरीचा नंबर सतरा. यादीत नाव नसतं, नंबर असतो. मी दर महिन्याला सतरा नंबर इतरांसारखाच मोजायची, त्यावर एक क्षणही जास्त थांबायची नाही. आपल्याच माणसाचं पुडकं कुरवाळायचं म्हणजे बाकीच्या एकोणचाळिसांशी बेईमानी, असं मी मानायची. फार तोरा होता मला त्याचा.

मागच्या महिन्यात सतरा नंबरातल्या दोन बाटल्या वाटेत फुटल्या. धाकटीनं पावतीवर तसं लिहिलं, आणि खाली रडगाणं नाही, काही नाही. ती मागणारी नाहीच. दवाखान्याच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असते, पण दुसऱ्याच्या पुडक्यातला थेंब ती पोटच्या पोरीला देणार नाही. सोमवारी तिचा निरोप आला, "आमचं औषध बुधवारपर्यंत पुरेल. गाड्या मंगळवारी नक्की ना?"

मी लिहिलं, "नक्की."

मंगळवारी सकाळी पाच गाड्या भरल्या. औषधांच्या थंड पेट्या सगळ्यांत शेवटी. एकेका पेटीत दहा पुडकी, वर बर्फाच्या पिशव्या. चौथी पेटी बंद करताना माझ्या मनात आलं, पुन्हा फुटल्या तर? फुटायला कुठली पेटी, कुठलं पुडकं, ते आधी कळत नाही. गोदामाच्या शीतकपाटात राखीव पुडकी होती, त्यांतलं एक मी उचललं आणि पेटीत कडेला खोचलं. त्यावर नंबर नव्हता. खरं तेच सांगते, सतरा नंबर माझी भाची नसती तर माझा हात त्या कपाटाकडे गेला नसता. हमाल हसून म्हणाला, "काय बाई, आज औषधालाही शीग?" मी म्हटलं, "तू पेटी उचल."

पहिली गाडी चालवायला सबुरीकाका होते. वय साठीच्या पुढे, तोंडात कायम एकच शब्द, "सबुरीनं." टायर फुटला तरी सबुरीनं, डोक्यावरून विमान गेलं तरी सबुरीनं. त्यांच्याशेजारी मी बसले, कारण यादी घेऊन नाक्यापर्यंत जायचं काम माझं. नाक्यापुढे मला परवाना नाही, तो फक्त चालकांना.

दुपारी बाराला नाक्यावर पोचलो. एक पत्र्याची खोली, आत टेबल, पंखा, भिंतीला लावलेली बाकडी, बाहेर काटा आणि आडवा लोखंडी दांडा. जुना अधिकारी बदलून नवा आला होता. चाळिशीचा, बारीक, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. पोत्यांच्या गाड्या काट्यावरून सरसर गेल्या. मग त्यानं थंड पेट्या टेबलावर मागवल्या आणि एकेक पुडकं बाहेर काढून नंबरानं रांग लावली. आधीचा अधिकारी पेट्या मोजायचा. हा पुडकी मोजत होता.

रांग चाळीसला संपली आणि त्याच्या हातात एक उरलं.

"बाई, एक जास्त आहे."

"हो साहेब, ते राखीव. काच आहे, फुटतं बिटतं."

"यादीत नाही."

"चुकलं माझं. ते इथेच राहू दे, बाकीचे जाऊ देत."

त्यानं पुडकं उलटंपालटं करून पाहिलं. "यावर नंबर नाही. चाळीस रोगी मंजूर आहेत. एक्केचाळिसावा माणूस कोण?"

"माणूस कोणी नाही हो. नुसतं पुडकं आहे."

"औषध आहे म्हणजे घेणारा आहे. तो कोण, ते मला वर सांगावं लागतं."

मी हसले, काय करणार. त्याला हसू आलं नाही. बोलायला तो वाईट नव्हता. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. आवाज चढवला नाही, आणि मागितलंही काही नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, मी घरचा पत्रा विकून दिलं असतं. पण हा नियमाचा माणूस. त्याच्या आधीच्या नाक्यावर कोणीतरी दोन डबे न मोजता सोडले होते, त्यात भलतंच निघालं आणि तिघांची नोकरी गेली. "मी माणसं ओळखत नाही बाई," तो म्हणाला, "मला नग मोजता येतात."

"मग मी हे तुमच्यासमोर फोडते. संपलं."

"मंजूर मालाची नासधूस. त्याचं वेगळं कलम आहे."

"हे तर मंजूरच नाही म्हणताय ना!"

त्यानं जरा विचार केला. "ते नामंजूर आहे हे अजून ठरायचंय," असं म्हणाला आणि वहीत लिहायला लागला. पाचही गाड्या एकाच यादीवर होत्या, म्हणून पाचही थांबल्या. दुरुस्त यादी दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन आल्याशिवाय दांडा उचलणार नव्हता.

मी आमच्या साहेबांना फोन लावला. साहेब राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांचं पहिलं वाक्य नेहमी ठरलेलं असतं, "मेल टाकलाय." मी अजून काही सांगितलंसुद्धा नव्हतं. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "तुम्ही कशाला असले उद्योग करता? आता दुरुस्ती टाकतो. एक-दोन दिवस लागतील."

"साहेब, एका पोरीचं औषध उद्या संपतंय."

"एका का? चाळीस जणांचं संपत असेल ना." ते बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं.

संध्याकाळी धाकटीला निरोप टाकला, "नाक्यावर अडकलोय. कागदाचं काहीतरी आहे." तिचं उत्तर आलं, "कागदाचं काय?" मी लिहिलं, "नेहमीचंच." माझ्या हातानं झालंय हे लिहायला बोट वळलं नाही. तिला सांगून तिचं काय भलं होणार होतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

बुधवार नुसता बसून गेला. नाक्याजवळ मासळीवाल्यांचा बर्फाचा कारखाना होता, तिथून सबुरीकाका दर पाच-सहा तासांनी बर्फ आणायचे आणि अधिकाऱ्याच्या देखत पेट्यांत भरायचे. औषध चांगलं राहिलं, त्यात काही कमी पडू दिलं नाही. त्या टेबलावरून दांड्यापलीकडचा रस्ता दिसायचा. सरळ जाऊन टेकडीला वळसा घालायचा. टेकडीमागे अकरा किलोमीटरवर दवाखाना. मी पायी गेले असते तरी दुपारपर्यंत पोचले असते, आणि पुडकं कनवटीला मावलं असतं. अकरा किलोमीटर म्हणजे काय हो, बाजाराला जाऊन येतो आपण. पण दांड्यापलीकडे शंभर पावलांवर खड्ड्यांत बंदुका घेऊन माणसं बसलेली होती, आणि ती यादीसुद्धा विचारत नाहीत.

दुपारी धाकटीचा निरोप आला. "संपलं. अकरा नंबरच्या आजोबांनी आपल्यातलं अर्धं हिला दिलं. म्हणाले, म्हाताऱ्याचं निभावतं, पोरीचं नाही निभत. मी नको म्हटलं तर रागावले. शुक्रवारपर्यंत ढकलते."

मी तो निरोप अधिकाऱ्याला दाखवला. त्यानं चष्मा वर करून दोनदा वाचला. "मलाही मुली आहेत," म्हणाला. मग उठून राजधानीला फोन लावला, माझ्या देखत, अगदी मनापासून. पलीकडून कोणीतरी त्याला झापलं असावं, कारण कान लाल करून तो परत बसला. "सांगतात, लेखी या."

"मग लेखी द्या!"

"दिलंय. कालच."

मला त्याचा रागही नीट धरता येईना. कुणाची मान धरून हलवावी असा एक जरी माणूस समोर असता तर जीव थोडा हलका झाला असता. जो तो आपलं काम चोख करत होता आणि दांडा आडवा तो आडवा.

गुरुवारी साडेबाराला नाक्यावरचे लोक जेवायला उठले. पेट्या टेबलावरच होत्या. शिपाई दाराबाहेर सावलीत भाकरी खात होता. मी बाहेर काट्याच्या कठड्यावर बसून फोनला नेटवर्क येतंय का ते बघत होते. सबुरीकाका बर्फ घेऊन आत गेले आणि बाहेर आले. मला म्हणाले, "बाई, काळजी करू नका. आता होईल सगळं, सबुरीनं." मला वाटलं, नेहमीचंच.

आणि तीनच्या सुमाराला खरंच झालं. साहेबांचा फोन आला, पहिल्यांदाच मेलशिवाय सुरुवात. "अहो, सह्या आल्या! दोन्हीकडच्या! रात्रभर माणसं मागे लावली होती मी." अधिकाऱ्याकडेही कागद आला. त्यानं तो मला वाचून दाखवला. यादी दुरुस्त, पुडकी एक्केचाळीस, पैकी चाळीस रोग्यांची, एक फूटतुटीसाठी राखीव. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना मी इतकी वर्षं नावं ठेवली होती, ती सगळी मनातल्या मनात परत घेतली. अधिकारीही खूश होता. "चला बाई, एकदा मोजतो की निघा."

त्यानं रांग लावली. एक, दोन, तीन. सतरा. तीस. चाळीस.

हात पेटीत गेला, तो रिकामा बाहेर आला. दुसरी पेटी झटकली. बर्फाच्या पिशव्या काढून बघितल्या. "एक्केचाळिसावं कुठाय?"

मी सबुरीकाकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा बर्फासारखा पांढरा पडला होता.

त्यांनी काय केलं होतं ते आता सांगते. त्यांना कळलं होतं एवढंच की एक जास्त आहे म्हणून सगळं अडलंय. ते जास्तीचं नाहीसं झालं की चाळीसला चाळीस जुळतील, मग पुन्हा मोजायला लावायचं, असा त्यांचा हिशेब. जेवणाच्या वेळी बर्फ भरता भरता त्यांनी बिननंबरी पुडकं काढून आपल्या चहाच्या थर्मासात टाकलं होतं, बर्फासकट, खराब होऊ नये म्हणून. मला सांगितलं नाही, कारण "बाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं." तिकडे साहेबांनी कागद एक्केचाळीसचा केला आणि इकडे काकांनी माल चाळीसचा केला. दोघांनीही माझीच चूक निस्तरली होती. असून अडचण, नसून खोळंबा.

काकांनी आपण होऊन थर्मास आणला आणि टेबलावर ठेवला. "घ्या साहेब. चोरी नाही केली. तुमचंच काम सोपं करत होतो."

अधिकाऱ्यानं झाकण उघडून आत बघितलं. मग डोकं धरून खुर्चीत बसला. "काका, काका, हे तुम्ही काय केलंत? दाराशी शिपाई होता. त्यानं पाहिलंय. मी नाही लिहिलं तर तो लिहील."

"मी परत पेटीत ठेवतो ना. झाले एक्केचाळीस!"

"पेटीतून निघालेलं पुडकं चालकाच्या खासगी भांड्यात सापडलं. ते आता जप्त. म्हणजे उरले चाळीस, आणि कागद एक्केचाळीसचा."

"मग आधीचा चाळीसचा कागद काढा!" मी ओरडले. "तो आहे ना तुमच्याकडे! त्याच्यावर सह्या आहेत ना!"

"तो आज तीन वाजता रद्द झाला, बाई."

मी त्याच्या पाया पडले. खरंच पडले, त्या सिमेंटच्या जमिनीवर. आयुष्यात कोणापुढे वाकले नव्हते, वडिलांनी तसं वाढवलंच नव्हतं. तो चटकन मागे सरला, मला उठवायला धावला, त्याचा चष्मा खाली पडून दोऱ्याला लोंबकळला. "असं करू नका, ताई, असं करू नका," तो म्हणत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दांडा मात्र त्यानं उचलला नाही.

काकांचा परवाना गेला. त्यांना आत बाकड्यावर बसवून ठेवलं. ते मान खाली घालून बसले आणि त्यानंतर त्यांच्या तोंडून सबुरीचा शब्द निघाला नाही. मी त्यांच्यावर रागवायला गेले आणि मला रागावता येईना. एक कमी करावं असं त्यांना वाटलं, एक जास्त ठेवावं असं मला वाटलं. दोघांनाही चांगलंच करायचं होतं.

साहेबांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, "आता मी कुठल्या तोंडानं जाऊ?" पण गेले. मेलही टाकला असेल.

शुक्रवारी सकाळी धाकटीचा निरोप, "पाणी पाणी करते. पोटात काही ठरत नाही." दुपारी, "झोपून आहे. श्वास जोरात आहे. गाड्या?" मी लिहिलं, "निघतोच आहोत." खोटं होतं. संध्याकाळी एकच ओळ आली, "ताई, कागदाचं काय झालंय ते खरं सांग."

मी सांगायला बसले. लिहिलं, पुसलं, लिहिलं. एक पुडकं जास्त घातलं होतं, भिंगरीसाठी. शेवटी तेवढंच ठेवलं आणि पाठवलं. निरोपाखाली गोल चक्र फिरत राहिलं, गेला की नाही ते कळेना. मोबाइलचं नेटवर्क गेलं होतं. शनिवारभर ते चक्र फिरत होतं.

शनिवारी उशिरा चाळीसचा कागद आला. रविवारी उजाडता उजाडता दुसरा चालक पहिल्या गाडीवर बसला, अधिकाऱ्यानं पुडकी मोजली, चाळीस भरली, आणि दांडा वर गेला. पाच गाड्या टेकडीला वळसा घालून दिसेनाशा झाल्या. एवढं साधं होतं ते. शिपायानं एका हातानं वजन दाबलं आणि दांडा वर गेला.

मी पावतीची वाट बघत तिथेच थांबले. अधिकाऱ्यानं मला चहा दिला. मी घेतला नाही, तर माझ्याशेजारी तोही न पिता बसला. त्याची रविवारची सुट्टी होती, हे मला शिपायाकडून कळलं.

दुपारी दोनला रिकाम्या गाड्या परत आल्या. चालकानं पावती अधिकाऱ्याच्या हातात दिली, कारण नियम तसा आहे, पहिली सही नाक्याची. तो टेबलाशी बसून ओळीनं बोट फिरवत वाचायला लागला. मी समोर उभी. उलटं अक्षर मला वाचता येतं, इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या बाजूनं वह्या वाचल्या आहेत. पोती पोचली. तेल पोचलं. साबण पोचले. शेरा: शिगेसकट. धाकटीचंच अक्षर, तिरकं, बारीक. मला एकदम आशा वाटली. जिला शीग लिहायचं सुचतं, तिचं घर ठीक असणार.

मग औषधांचं पान आलं. प्रत्येक नंबरापुढे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. अकरा नंबरपुढे अंगठा होता, थरथरलेला. अधिकाऱ्याच्या बोटाखाली बारा गेला, तेरा गेला.

"बाई," तो म्हणाला, "हे जुळत नाही." त्याच्या कपाळावर आठी होती, तीच, मंगळवारची. "चाळीस पाठवली, चाळीस पोचली. आणि खाली शेऱ्यात लिहिलंय, एक जास्त."

मी पान माझ्याकडे वळवलं. सतरा नंबरापुढची जागा कोरी होती. शेऱ्यात धाकटीनं लिहिलं होतं, "पोचली ४०. एक जास्त." त्याच तिरक्या, बारीक अक्षरात. शाई कुठे फुटलेली नव्हती.

"पुन्हा एक जास्त कसं?" तो विचारत होता. "मी स्वतः मोजली. चाळीसच होती. तुमच्यासमोर मोजली."

"बरोबर मोजलीत तुम्ही," मी म्हटलं. "पुडकी चाळीसच आहेत. माणूस एक कमी आहे."

बाकड्यावरून सबुरीकाका उठले आणि पुन्हा बसले. माझ्या हातातला फोन वाजला. नाक्यावर नेटवर्क आलं होतं, आणि शुक्रवारचा माझा निरोप त्या क्षणी पलीकडे पोचला होता.

अधिकाऱ्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि पहिल्या नंबरावर बोट ठेवून पान पुन्हा मोजायला लागला. मी त्याला मोजू दिलं.